अणशी की भीमगड? रानात राहायला जाऊ इच्छिणाऱ्यांना सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. बेळगावात नोकरी करणारे पाच मित्र येत्या हिवाळ्यात चार-पाच दिवस कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील अणशीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन, ओढ्याकाठी तंबू ठोकून, स्वतः शिजवून खात, निसर्गाशी जुळवून घेऊन राहू इच्छितात. त्यासाठी वाट कोणती धरावी, सामान काय न्यावे आणि काय चुकवू नये, हे त्यांनी विचारले आहे. खानापूर आणि जोयडा या दोन तालुक्यांच्या रानात प्राण्यांच्या नोंदी ठेवण्याचे आणि आलेल्यांना वाट दाखवण्याचे काम मी बराच काळ करीत आलो आहे, त्या आधारावर हे उत्तर देतो. ठिकाणांची यादी मात्र मी आधी देणार नाही. कोणत्याही रानात पाण्याचा, जनावरांचा आणि तिथे राहणाऱ्या माणसांचा एक दिनक्रम आधीपासूनच चालू असतो. आपला बेत त्या दिनक्रमात कुठे बसतो हे ज्याने आधी पाहिले, त्यालाच तिथे जुळवून घेऊन राहता येते. ज्याने पाहिले नाही तो कितीही प्रेमाने गेला तरी तिथल्या सर्वांच्या कामात अडथळाच होतो.

प्रथम कायद्याचे पाहू, कारण तंबूचा बेत तिथेच अडतो. दांडेलीचे अभयारण्य 1956 सालचे आहे आणि अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 साली, सुमारे 340 चौरस किलोमीटर क्षेत्रावर झाले. 2007 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यालाही परवानगी नसते, तर अभयारण्यात चराई आणि स्थानिकांचे काही हक्क नियंत्रित स्वरूपात चालू राहू शकतात. प्रवेशाला परवाना दोन्हीकडे लागतो. तो पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास अशा ठरावीक कारणांसाठीच मिळतो आणि रानाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता ठेवून जाणे हा गुन्हा आहे. म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला आपली गाय सोडता येत नाही, तिथे आपण हौसेने चूल मांडावी ही अपेक्षाच मुळात रास्त नाही. ओढ्याकाठचा तंबू आपण मनातून काढून टाकावा.

माझी शिफारस अशी की पाच दिवसांचे दोन भाग करावेत. पहिले दोन दिवस काळी व्याघ्र प्रकल्पात, दांडेलीजवळच्या कुळगी येथील वनखात्याच्या निसर्ग शिबिरात राहून, खात्याच्या माणसाबरोबर जेवढे फिरता येईल तेवढे फिरावे. उरलेले तीन दिवस भीमगड अभयारण्याच्या कडेच्या एखाद्या गावात, ओळखीच्या घरी, घरच्यांच्या संमतीने राहावे. भीमगड हे खानापूर तालुक्यातले, आपल्या अगदी दाराशी असलेले रान. डिसेंबर 2011 मध्ये ते अभयारण्य झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेला काळी प्रकल्प, अशी ही सलग पट्टी आहे. राज्यांच्या सीमा नकाशावर आहेत, वाघ त्या मानत नाही. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मारले गेले, तेव्हा त्याचा धक्का खानापूरच्या रानापर्यंत पोहोचला, कारण जनावरे ये-जा करतात ती याच पट्टीतून. अणशी पाहायची आणि भीमगड सोडायचे, हे बेळगावकराने करू नये असे माझे मत आहे, आणि त्यात तालुक्याचा अभिमान थोडा मिसळलेला असेल तर तो असू द्या.

परवान्यासाठी वनखात्याच्या रेंज ऑफिसला निदान दोन आठवडे आधी लेखी अर्ज द्यावा. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर होते. कार्यालयातील अधिकारी विजापूर-बागलकोटकडचे असू शकतात, त्यांना मराठी येईलच असे नाही. रानावर पहारा ठेवणारा वॉचर मात्र बहुधा आसपासच्या गावातला आणि मराठी बोलणारा असतो. भीमगड किल्ल्यावर मनाला वाटेल तेव्हा जाता येत नाही, तो अभयारण्याच्या आत आहे. दूधसागर धबधब्याकडे कॅसलरॉक स्थानकाहून रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेची मनाई आहे, तेव्हा तो विचार करूच नये.

आता काळ. पावसाळ्यात हे रान बाहेरच्या माणसासाठी नाही. खानापूर गावापासून कणकुंबीकडे जाता जाता पावसाचे प्रमाण दुपटीपर्यंत वाढते. ओढ्यांवरचे साकव आणि लाकडी पूल पाण्याखाली जातात, आमगावसारख्या गावांतून आजारी माणसाला डोलीतून खांद्यावर वाहून आणावे लागते. ज्या दिवसांत तिथल्या माणसाचीच सुटका नसते, त्या दिवसांत अडकलेल्या पर्यटकाला सोडवण्याचे काम त्याच्यावर टाकणे योग्य नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटते, उरलेल्या थोड्या डोहांवर सगळी जनावरे अवलंबून असतात आणि वाळलेल्या पानांना ठिणगी पुरते. राहिला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ. त्यातही नोव्हेंबरात गावांत सुगी चालू असते. गवे आणि रानडुकरे भातात उतरू नयेत म्हणून घरातला एक तरी माणूस रात्रभर माळ्यावर राखणीला बसतो आणि दिवसा कापणी-मळणी करतो. अशा माणसाला ‘चला, आम्हाला रान दाखवा’ म्हणणे म्हणजे त्याचे पीक गव्याच्या तोंडी देणे होय. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो: मळणी उरकलेली असते, ओढे वाहते असतात आणि काजूची कामे अजून सुरू झालेली नसतात.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या भागाचे सारे महत्त्व त्यातच आहे. देगावच्या परिसरात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेकडे गोव्यात उतरून मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात, कणकुंबीच्या माऊली देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि खानापूर, सौंदत्तीवरून सुमारे 304 किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. हुबळी-धारवाडचा माणूस पितो ते पाणी मलप्रभेचे आणि पणजीच्या खाडीतून वाहते ते म्हादईचे. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकरणात याच पाण्यावरून तीन राज्ये लवादापुढे गेली, 2018 साली निवाडा झाला आणि वाद तरीही संपलेला नाही. एवढ्या मोठ्या भांडणाचे मूळ असलेला ओहोळ प्रत्यक्षात एका उडीत ओलांडता येईल इतका लहान असतो, आणि नेमक्या त्याच ओहोळात आलेला पाहुणा शाम्पू लावून आंघोळ करतो.

त्या ओहोळाच्या काठी अर्धा तास उकिडवे बसून पाहावे. दगड उचलू नये, फक्त वाकून पाहावे. पाण्याखालच्या दगडांना वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या दिसतात, त्यांत किड्यांच्या अळ्या राहतात. प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून बोटाएवढे मासे स्थिर उभे असतात. काठच्या ओल्या दगडांच्या फटींत रातबेडूक असतात. पश्चिम घाटातले हे बेडूक पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतात आणि अंड्यांतून निघालेली पिल्ले खालच्या डोहात पडतात. बेडकाची कातडी पाणी शोषून घेते, त्यामुळे साबण, डास पळवण्याचे मलम, सनस्क्रीन यांपैकी जे काही आपल्या अंगावरून धुतले जाते ते थेट त्याच्या अंगात जाते. म्हणून पाणी भांड्यात काढून ओढ्यापासून 60-70 पावले दूर जाऊन आंघोळ करावी, तीही बिनसाबणाची. शौचाला तेवढेच लांब जावे, वीतभर खोल खड्डा घेऊन तो मातीने बुजवावा. संध्याकाळी सूर्य कलल्यावर पाणवठ्यावर थांबू नये, कारण ती वेळ जनावरांची असते आणि आपण तिथे बसून राहिलो तर सांबर तहानलेले परत जाते.

चालण्याच्या बाबतीत माझा आग्रह असा की रोज किती किलोमीटर झाले हे मोजायचे सोडून द्यावे. एकच वाट दोनदा चालावी, एकदा सकाळी आणि एकदा दुपारनंतर. दुसऱ्या फेरीत त्याच वाटेवर आपल्या बुटांच्या ठशांवर दुसऱ्या कुणाचे पाय उमटलेले दिसतात आणि तेव्हा वाट वाचता येऊ लागते. गव्याचा खूर म्हशीच्या खुरासारखाच, पण गुरांच्या वाटेवर गवताळ ठिकाणी शेण पातळ पसरलेले दिसते, तर गव्यांचा कळप गेलेल्या जागी कारवीची आणि बांबूची कोवळी टोके माणसाच्या खांद्याच्या उंचीवर खुडलेली असतात. वारुळाचे एका बाजूने खोल भगदाड पाडून भोवती माती उडवलेली असेल तर ते अस्वलाचे काम. त्याची विष्ठा मोडून पाहिली तर ऋतूप्रमाणे वाळवीची डोकी किंवा फळांच्या बिया सापडतात. उंच झाडांच्या फांद्या जिथे एकमेकींत शिरलेल्या असतात तिथे पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचे घर. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते, म्हणून रस्ता रुंद करताना वरची फांद्यांची जोडणी तुटली की त्याच्यासाठी रान तिथेच संपते. धनेशाच्या पंखांचा आवाज तो दिसण्याआधी येतो. दांडेलीच्या बाजूला मोठा धनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे दोन्ही दिसण्याची शक्यता चांगली आहे. जानेवारीच्या पुढे धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवतो. अशी ढोली लक्षात आली तर तिच्याखाली थांबू नये. माणूस खाली उभा असेतो नर ढोलीकडे येत नाही आणि आतल्या मादीची उपासमार होते.

धोक्यांविषयी लोकांची कल्पना बहुधा उलटी असते. वाघ दिसेल का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, परंतु या रानात माणसाला अधिक जपावे लागते ते अस्वलाला आणि कळपातून फुटलेल्या एकट्या गव्याला. अस्वलाची नजर अधू असते, माती उकरताना ते त्यात गुंग असते, आणि माणूस एकदम समोर आला की दचकून अंगावर येते. म्हणून दाट कारवीतून किंवा वळणाच्या वाटेने जाताना हलक्या आवाजात बोलत चालावे. इतर ठिकाणी शांतता पाळा म्हणणारा मी इथे मुद्दाम बोला म्हणतो, याचे कारण एवढेच. एकटा गवा दिसला तर त्याला जाण्यासाठी वाट मोकळी ठेवून मागे सरावे, मोबाईल वर करून पुढे जाऊ नये. सापांचे म्हणाल तर ओढ्याकाठच्या दगडांवर आणि बांबूच्या बेटांत चापडा हा विषारी साप रात्री निश्चल बसलेला असतो, त्यामुळे न पाहता हात टेकू नये आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. आपल्याकडे मिळणारी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी तयार होते. चापडा किंवा नागराज त्यात येत नाहीत. तेव्हा सापापासून दूर राहणे हाच खरा उपाय आहे, आणि दंश झालाच तर कापाकापी किंवा आवळून बांधणे न करता, अवयव न हलवता, खानापूर किंवा बेळगावचे रुग्णालय गाठावे. मोबाईलला रेंज नसते, म्हणून कोण कुठे गेले आहे आणि कधी परतणार, हे मुक्कामाच्या घरी कागदावर लिहून ठेवावे.

ज्या घरी राहाल त्या घराविषयी. गवाळी, पास्टोली, कोंगळा, हेमाडगा, आमगाव, जामगाव ही गावे अभयारण्याच्या कागदाच्या किती तरी आधीपासून तिथे आहेत. काहींना बाहेर येऊन वसावेसे वाटते, कारण रस्ता, वीज, शाळा, दवाखाना यांसाठी त्यांनी पिढ्या घालवल्या; तळेवाडीच्या कुटुंबांच्या स्थलांतराची प्रक्रिया 2025 साली सुरू झाली. काहींना जागा सोडवत नाही. सुपा धरणाने उठवलेली माणसे रामनगरला कशी वसली, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना ठाऊक आहे आणि त्यांच्या बोलण्यात ते येतेच. आपण चार दिवसांचे पाहुणे, तेव्हा ‘तुम्ही किती भाग्यवान, अशा निसर्गात राहता’ असे त्यांना सांगू नये आणि ‘इथे कसे राहता’ असेही विचारू नये. घरातल्या मोठ्यांना काका-मावशी म्हणावे, पाणी भरायला, लाकडे रचायला हात लावावा, घरात शिजते तेच खावे. भात, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी आणि आमसुलाची कढी मिळाली तर आणखी काही मागू नये. राहण्या-जेवणाचे पैसे आधी ठरवून, निघताना घरच्या बाईच्या हातात द्यावेत. हे लिहिण्याचे कारण असे की पैसे पुरुषाच्या हाती आणि कष्ट बाईच्या वाट्याला, असे अनेकदा होते.

गावाच्या कडेला सातेरीची किंवा अन्य देवतेची राई असते. तिथे वाळकी काटकीसुद्धा उचलायची नसते. गावकरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये, आत चपला घालू नयेत आणि वारुळाला हात लावू नये, कारण सातेरीचे रूप वारुळाचेच असते. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला सरकारी राखीव रानात जे झाड शोधूनही सापडत नाही, ते अशा दोन-तीन एकरांच्या राईत उभे असते. गवळी धनगरांच्या वाड्यावर गेलात तर कुत्र्यांना आधी हाक मारून धनी बाहेर येईपर्यंत थांबावे.

भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहांविषयी मला मुद्दाम विचारले गेले आहे आणि माझे उत्तर नकाराचे आहे. या गुहांत 1912 साली एका निराळ्या वटवाघळाचा नमुना मिळाला. 1913 साली ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावावरून तिचे नाव ठेवले. मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले कान आणि मागच्या पडद्यातून बाहेर आलेली मोकळी शेपटी, अशी तिची ठेवण आहे. कित्येक दशके जगात ही जात केवळ याच गुहांत आहे असे मानले जात होते. पुढे कंबोडियात आणि मेघालयात ती सापडली, तरीही इथल्या वसाहतीचे मोल कमी होत नाही. वटवाघळाची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो. गुहेत विजेरीचा झोत पडला, माणसे बोलली, धूर गेला की सगळी वसाहत उडते आणि मातेला बिलगलेली पिल्ले खाली पडतात; पडलेले पिल्लू जगत नाही. संशोधकांनाही तिथे परवान्यानेच जावे लागते. फोटो काढून परत येण्यासाठी जाणाऱ्यांना मी वाट दाखवत नाही आणि तुमच्या वाटाड्यानेही दाखवू नये, असे मी त्याला सांगून ठेवीन.

सामानाचे फार सांगण्यासारखे नाही. मातकट किंवा हिरवे पूर्ण बाह्यांचे कपडे, विजेरी, पाण्याची स्टीलची बाटली, जानेवारीची थंडी लक्षात घेऊन एक चादर, दुर्बीण आणि वही. ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवा, ड्रोनही ठेवा. प्लास्टिकचे जे नेले ते मोजून परत आणावे.

शेवटचा मुद्दा गोचिडांचा, आणि तो मी मागे ठेवला तो महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. 1957 साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात प्रथम ओळखला गेलेला, गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडताप पश्चिम घाटात उत्तरेकडे पसरत आला आहे. 2016 साली आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. गोचिडांची पिल्ले, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, साधारण हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पाचोळ्यात असतात, म्हणजे तुमच्या सहलीचा काळ नेमका त्यातच येतो. पाचोळ्यावर बसू नये, पँट मोज्यांत खोचावी, उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारे, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल लावावे, आणि संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू व कानामागे एकमेकांचे अंग तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये. वाटेत मेलेले वानर किंवा माकड दिसले तर जवळ न जाता जागा लक्षात ठेवून त्याच दिवशी रेंज ऑफिसला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, कारण त्या जागी गोचिडी पसरलेल्या असतात आणि गावाला सावध करायला तेवढीच पूर्वसूचना मिळते. परत आल्यावर पुढच्या दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. या तापावर नेमके औषध नाही, उपचार लक्षणांवरच होतो, पण तो वेळेवर व्हावा लागतो. बेळगावातला डॉक्टर साध्या तापात तुम्ही कुठे जाऊन आलात हे विचारीलच असे नाही, म्हणून कोणत्या गावी, कोणत्या तारखांना, किती दिवस रानात होतात आणि अंगावर गोचीड सापडली होती का, हे आपण होऊन त्याला पहिल्याच भेटीत सांगावे.